दोनदा कोरलेला १९५५चा सेंट

डाय बनवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे नाणं हातात आलं की नजर आधी ते पाडणाऱ्या डायचा माग काढते. अमेरिकेचा १९५५चा लिंकन सेंट मला फार प्रिय आहे. टूलरूममधली चूक इतकी ठळक दाखवणारं नाणं क्वचितच सापडतं.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत तेव्हा डाय एका दाबात होत नसे. हबवर चित्र उठावाचं असतं. तो मऊ पोलादात दाबला की चित्र आत उतरतं, पण त्या दाबानेच पोलाद कडक होतं. म्हणून डाय भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायची आणि परत हबखाली लावायची. असा पुढचा दाब देताना एक डाय किंचित फिरून बसली. तारीख, ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’ ही अक्षरं तिच्यात दोनदा कोरली गेली.

तपासनिसाच्या ते लक्षात येईपर्यंत सुमारे ४०,००० नाणी पडली होती. त्यांतली २० ते २४ हजार इतर प्रेसच्या चांगल्या नाण्यांत मिसळली होती. तेवढ्यांसाठी अख्खी रास वितळवायची नाही, असं ठरलं. त्या काळी यंत्रातून २३ सेंटांचं सिगारेटचं पाकीट २५ सेंटांच्या नाण्यावर निघे आणि वरचे दोन सेंट वेष्टणातच घातलेले असत. न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडकडे यांतली अनेक नाणी लोकांच्या हाती आली ती अशी.

नवे संग्राहक फसतात ते इतर दुहेरी नाण्यांपाशी. प्रेसमधली डाय ढिली असेल तर ठोका बसल्यावर ती सरकते आणि नुकताच उमटलेला उठाव दाबला जातो. तिथे अक्षराच्या कडेला सपाट, चकचकीत पायरी दिसते. मूळ अक्षर तेवढं अरुंद होतं. खऱ्या दुहेरी डायच्या नाण्यात अक्षर उलट रुंदावतं. दोन्ही प्रतिमांना गोलसर उठाव असतो आणि अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. १९५५च्याच काही सेंटांवर शेवटच्या ५ला सावली दिसते, ती या झिजेची. ते नाणं ‘गरिबाची दुहेरी डाय’ म्हणून विकलं जातं, पण दुहेरी डायशी त्याचा संबंध नाही. आपल्या शिवराईवर दोनदा उमटलेली अक्षरं दिसतात, ती हातोड्याच्या दुसऱ्या घावाची. तिथे प्रत्येक नाण्याची तऱ्हा निराळी.

खोट्यांचा सुळसुळाट तर आहेच. १९६९चे बनावट दुहेरी सेंट निघाले होते. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतले त्याच वर्षीचे खरे दुहेरी सेंटही सुरुवातीला बनावट समजून जप्त झाले. १९५५चा सेंट पारखताना म्हणून मागची बाजूही बघावी. ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’च्या आडव्या दांडीखाली, डाव्या बाजूला, डायवरच्या ओरखड्यांच्या बारीक रेषा असतात. त्या डायने पाडलेल्या नाण्यांची ती ओळख आहे.

भाव विचारण्याआधी भिंगाखाली एवढं ठरवा: चूक डाय घडताना झाली, ठोका बसताना झाली, की डाय झिजल्यावर? घडतानाची चूक एकाच रूपात हजारो नाण्यांवर उतरते. तसंच दुसरं नाणं शेजारी ठेवून ताडून पाहता येतं, म्हणूनच तिचा दावा सिद्ध होतो आणि तिला मोल मिळतं.