तिऱ्हाईताच्या हाती किल्ल्या

घरातला कर्ता पुरुष गेला की तेरा दिवस सारे घर एकत्र असते. चौदाव्या दिवशी कोणीतरी पेटी उघडण्याची गोष्ट काढतो. पेटीतून मृत्युपत्र निघते. एक म्हणतो, ही सही बाबांचीच. दुसरा म्हणतो, त्या दिवशी बाबांना शुद्धच नव्हती. झाले, कज्जा सुरू!

निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोवर मिळकत कोणी सांभाळायची? आम्हा कोकणातल्या माणसांना हा प्रश्न फार जवळचा. आंबा निकालासाठी झाडावर थांबत नाही. मृगापूर्वी कौले चाळली नाहीत तर पहिल्याच पावसात माजघरात पाणी येते, आणि दोन पावसाळ्यांत मातीची भिंत बसते. आमच्या राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकट होते अशी तिची ख्याती आहे. दिवाणी दाव्याच्या निकालाविषयी तेवढेही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. दरम्यान दोघे भाऊ एकाच दाराला दोन कुलपे लावतात, आणि आत वाळवी निर्धास्तपणे आपले काम करीत राहते.

आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना ही अडचण ठाऊक होती. मराठी अमदानीत वतनाचा तंटा उभा राहिला की सरकार ते वतन 'अमानत' ठेवी, म्हणजे दोघांच्याही हातातून काढून आपल्या ताब्यात घेई. इंग्रजांनी 1841 च्या 19 व्या कायद्याने मृताच्या मिळकतीवर संरक्षक नेमण्याची सोय केली. पुढे 1881 च्या प्रोबेटच्या कायद्यात आणि त्यानंतर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या 247 व्या कलमात ती अधिक नेटकी झाली. मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी दावा चालू असेल, किंवा प्रोबेट मिळविण्याचा वा रद्द करण्याचा वाद असेल, तर न्यायालयाला त्या मुदतीपुरता व्यवस्थापक नेमता येतो. त्याला नेहमीच्या व्यवस्थापकाचे सारे अधिकार असतात, एक सोडून. मिळकतीची वाटणी त्याला करता येत नाही. त्याने न्यायालयाच्या हुकमतीत वागायचे. हा माणूस शक्यतो तिऱ्हाईत असावा, ही त्यातली खरी मेख. तिऱ्हाईत कशाला, घरचाच एखादा सज्जन का नको, असे कोणाला वाटेल. त्यांनी ताईमहाराज प्रकरण आठवावे.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज 7 ऑगस्ट 1897 रोजी वारले. रत्नागिरीस जन्मलेले लोकमान्य टिळक त्यांचे स्नेही. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळक नुकतेच जामिनावर सुटून आले होते, आणि मरणाच्या दारात असलेल्या मित्राने आपले मृत्युपत्र त्यांच्यावर सोपविले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदी मंडळीही विश्वस्तांत होती. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा अशी व्यवस्था होती. 1898 च्या जानेवारीत मुलगा झाला, आणि मार्चमध्ये गेला.

इस्टेट कर्जात होती. टिळकांनी खर्चाला लगाम घातला, आणि तरुण विधवेला तो जाचू लागला. यात कोणाचा दोष काढावा? कर्ज फेडायचे तर हात आखडता घ्यावाच लागतो. आणि ज्या बाईचा नवरा व तान्हे मूल पाठोपाठ गेले, तिला हिशेबाच्या वह्यांचा राग न आला तरच नवल. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला. पुढच्याच महिन्यात ताईमहाराजांनी टिळकांचे प्रोबेट रद्द करण्यासाठी अर्ज केला, आणि ऑगस्टात कोल्हापुरास दुसरा मुलगा, बाळा महाराज, दत्तक घेतला. एका घराला दोन दत्तक पुत्र झाले!

येथून जे घडले ते कादंबरीत घातले तर अतिशयोक्ती वाटेल. 1902 च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी लावली. 1903 च्या ऑगस्टात खोट्या साक्षीबद्दल त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी व हजार रुपये दंड झाला. अपिलात ती शिक्षा सहा महिन्यांवर आली, आणि 1904 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने ती पार रद्द केली. ताईमहाराज हे पाहायला उरल्या नव्हत्या. 1903 च्या सप्टेंबरातच त्या वारल्या. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र चालूच राहिला. खालच्या कोर्टात जगन्नाथ जिंकला, 1910 मध्ये उच्च न्यायालयात हरला, आणि 1915 च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्याचा दत्तक कायम केला. मधली सहा वर्षे टिळक मंडालेच्या तुरुंगात काढून आले होते!

टिळकांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. मुद्दा तो नव्हेच. इस्टेटीचे रक्षकही तेच आणि तिच्याविषयीच्या वादातले पक्षकारही तेच, हा तो मुद्दा. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाने वाचविलेला प्रत्येक रुपया प्रतिपक्षाला त्याने लपविलेला वाटतो. ताईमहाराजांना तिऱ्हाईताचाही राग आला असता. पण तो राग त्याच्या शीलापर्यंत पोचून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण पडले नसते.

तिऱ्हाईत आला की सारे सुरळीत होते, असेही मात्र नाही. कलकत्त्याच्या प्रियंवदा बिर्ला 2004 मध्ये वारल्या. मृत्युपत्राने इस्टेट त्यांचे हिशेबनीस राजेंद्रसिंह लोढा यांच्याकडे जात होती. बिर्ला घराण्याने हरकत घेतली, आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने तीन जणांची व्यवस्थापक समिती नेमली. लोढा स्वतः 2008 सालीच निवर्तले होते. त्या समितीचा हात इस्टेटीतल्या कंपन्यांच्या कारभारात कोठवर पोचतो, यावर पुन्हा निराळी भांडणे झाली. शिवाय तिऱ्हाईताचे मानधन मिळकतीतूनच जायचे! चार कलमे आणि एक गळके घर एवढीच इस्टेट असेल, तर असा माणूस परवडतच नाही. तेथे भावांनी न्यायाधीशासमोर एकमताने गावातला एखादा निवृत्त माणूस सुचवावा, हे उत्तम; पण एकमत असते तर कोर्टाची पायरी कशाला चढले असते?

तरी त्या माणसाचे काम पाहण्यासारखे असते. पेट्या मोजून यादी करायची, कुळांकडून पावती देऊन खंड घ्यायचा, न्यायालयाच्या देखरेखीखाली बागेचा आंबा विकायचा, रक्कम बँकेत भरायची, त्यातून कौले चाळायची, घरपट्टी भरायची, आणि पै-पैचा हिशेब कोर्टापुढे ठेवायचा. मे महिन्यात मुंबईची नातवंडे अंगणात आली, तरी वाटणी म्हणून आंब्याची एक पाटीसुद्धा त्याला त्यांच्या हाती ठेवता येत नाही.