टर्बो आणि त्याची निगा : छोट्या पेट्रोल इंजिनाच्या इतिहासाची दुसरी बाजू

१९६२ साली अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल कंपनीने 'जेटफायर' नावाची मोटार विक्रीला आणली. साडेतीन लिटर आणि आठ सिलिंडर म्हणजे तिकडच्या मानाने लहानच इंजिन. पण त्यावर टर्बोचार्जर बसवलेला होता, आणि त्यामुळे २१५ घनइंचांच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती असा जुळणारा आकडा कंपनीला मिरवता येत होता. या गाडीच्या बॉनेटखाली एक जादा टाकी होती. तिच्यात 'टर्बो रॉकेट फ्लुइड' नावाचा द्रव भरायचा असे. नाव भारदस्त असले तरी तो होता मुख्यतः निम्मे शुद्ध पाणी आणि निम्मे मिथेनॉल. टाकी भरलेली ठेवणे हे मालकाचे काम. ती रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब आपोआप कमी करी आणि गाडीची ताकद उतरे.

अनेक मालकांनी टाकी भरलीच नाही. पेट्रोल भरायची सवय होती, पण पाण्या-मिथेनॉलची बाटली ओतायची नव्हती. मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रारी सुरू झाल्या. दोन हंगामांत ९,६०७ गाड्या बनवून कंपनीने हे प्रकरण आटोपते घेतले. १९६५ साली तर टर्बो काढून त्याजागी साधा कार्ब्युरेटर फुकट बसवून देण्याची तयारीही दाखवली.

टर्बो इंजिनाचा इतिहास नेहमी ताकदीचा आणि शर्यतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण जेटफायरचे यंत्र ताकदीत कमी पडले नव्हते. त्याने मालकाकडून जी निगा मागितली, ती मालकाने दिली नाही. यंत्र किती ताकद देते, याऐवजी ते आपल्याकडून काय मागते, हा प्रश्न धरून पाहिले, तर पुढच्या साठ वर्षांची संगती वेगळी लागते.

जहाजावरून मोटारीत

कल्पना जुनी आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. १९२५पर्यंत त्यांनी डिझेल इंजिनाची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढवून दाखवली आणि पाठोपाठ जहाजांवर ही यंत्रे दिसू लागली.

जहाज ही टर्बोला मानवणारी जागा होती. तिथे इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालते आणि ऑइलच्या दाबावर नजर ठेवायला पगारी इंजिनिअर असतो. मोटारीत यातले काहीच नाही. वेग क्षणाक्षणाला बदलतो, सिग्नलला गाडी थांबते, घरी पोहोचताच चावी फिरते आणि बॉनेट महिनोन्‌महिने उघडले जात नाही. टर्बो जहाजावरून मोटारीत आला, पण त्याच्यामागचा इंजिनिअर आला नाही. पुढचा सगळा खटाटोप या गैरहजर माणसाची जागा भरण्याचा होता.

उष्णतेशी भांडण

पेट्रोल इंजिनाची मुख्य अडचण 'नॉकिंग' ही. हवा दाबली की तापते. अशा तापलेल्या हवेत पेट्रोल मिसळून ते सिलिंडरमध्ये पुन्हा दाबले, की स्पार्कने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकते. हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो आणि हे चालू राहिले तर पिस्टन फुटतो. जेटफायरचे कॉम्प्रेशन १०.२५ला १ असे चढे होते. तो द्रव आत फवारून मिश्रण थंड करणे, हा त्यावरचा उपाय होता.

दुसरा उपाय कॉम्प्रेशनच कमी करण्याचा. १९६२ सालीच आलेल्या शेवरले कॉरव्हेअरच्या टर्बो आवृत्तीने तो पत्करला. तिला जादा टाकी नव्हती आणि ती १९६६पर्यंत टिकली. १९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने तर कॉम्प्रेशन ६.९पर्यंत खाली आणले. पण टर्बोला वेग येईपर्यंत असे इंजिन मरगळलेले राही, मग एकदम उसळी घेई. त्यात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलसंकट उभे राहिले. अवघ्या १,६७२ गाड्या बनवून ते मॉडेल संपले.

वळण दिले स्वीडनच्या साब कंपनीने. १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिने '९९ टर्बो' मांडली. अभियंते पेर गिलब्रांड यांचा भर शर्यतीतल्या वेगावर नव्हता, रोजच्या रस्त्यावर लागणाऱ्या ओढीवर होता. टर्बो लहान ठेवला म्हणजे तो लवकर जागा होतो आणि दाब वाढू लागला की 'वेस्टगेट' ही झडप जादा धूर बाजूने काढून देते. १९८२ साली साबने नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. ठोका ऐकू येताच दाब आपोआप उतरू लागला. जे काम जेटफायरच्या मालकावर सोपवले होते, ते आता इलेक्ट्रॉनिक पेटी करू लागली. पुढे दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर सर्वत्र आला आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत रुळली. हे पेट्रोल आत बाष्प होताना मिश्रण थंड करते. जेटफायरची टाकी जे करत होती, तेच काम पेट्रोल करू लागले.

कायद्याने घडवलेले आकारमान

इंजिने लहान झाली त्यात कायद्याचा वाटा मोठा आहे. जपानमध्ये 'केई' वर्गातल्या मोटारींना १९७६पासून ५५० सीसीची मर्यादा होती. त्या चौकटीत ताकद वाढवायला टर्बो हाच मार्ग. १९८७च्या सुझुकी आल्टो वर्क्सने ५४३ सीसीच्या तीन सिलिंडरांतून ६४ अश्वशक्ती काढली. मग जपानी कंपन्यांनी आपसात समजूत करून तोच आकडा या वर्गाची कमाल मर्यादा मानला.

भारतात हेच काम करआकारणीने केले. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४वरून १६ टक्के झाले. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत अशी अट होती. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलून छोट्या मोटारींना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के असा भेद झाला, तेव्हाही या मर्यादा त्याच राहिल्या. १,२०० सीसी न ओलांडता ताकद हवी असेल तर टर्बोवाचून गत्यंतर नाही. २०१३ साली चाकणच्या फोक्सवॅगन पोलोत १,१९७ सीसीचे टर्बो-पेट्रोल आले, त्याच वर्षी फोर्ड इकोस्पोर्टमध्ये ९९९ सीसीचे. २०१७ साली रांजणगावची टाटा नेक्सॉन आणि २०१९ साली नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही३०० त्यांच्या पंगतीला बसल्या. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियमांनी छोटी डिझेल इंजिने महाग केली आणि डिझेलच्या ओढीची सवय असलेला ग्राहक टर्बो-पेट्रोलकडे वळला.

टाकी गेली, ऑइल राहिले

आजच्या इंजिनात मालकाने ओतायची जादा बाटली नाही. पण मागणी संपलेली नाही. ती आता ऑइलच्या पोटात गेली आहे.

फोर्डच्या एक लिटरच्या इंजिनातला टर्बो मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरतो. पलीकडच्या चक्रावर आदळणारा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. घाट चढून येऊन लगेच इंजिन बंद केले तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. १९८०च्या दशकात म्हणूनच मालकांना 'थांबल्यावर जरा चालू ठेवा' असे सांगत. बेअरिंगभोवती पाणी खेळवू लागल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला. तरी जोरात चालवल्यानंतरचे ते एक मिनिट आजही वाया जात नाही.

दुसरा धोका नव्या इंजिनांचाच. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटली, की पिस्टनच्या कडेला साचलेले ऑइल-पेट्रोलचे थेंब स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकतात. एकाच दणक्यात पिस्टन जाऊ शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त घटकांचा यात हात असल्याचे दिसल्यावर २०१८ साली 'एपीआय एसएन प्लस' आणि २०२० साली 'एपीआय एसपी' ही मानके आली. डब्यावरची ही अक्षरे पाहून आणि मॅन्युअलशी ताडून ऑइल घ्यायचे, ते याचसाठी. 'ऑइल ते ऑइल' असे म्हणणारा गॅरेजवाला साध्या इंजिनाच्या काळातला असतो.

थेट फवारणीचे स्वतःचे दुखणे असते. इनटेक झडपांवरून पेट्रोल वाहत नसल्याने त्यांच्यावर कार्बन साठतो. घर ते ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. फोर्डच्या त्या इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरणारा होता, आणि फ्रान्सच्या प्यूरटेक इंजिनातही. झीज झालेल्या बेल्टचे कण ऑइलच्या जाळीत अडकले की पंपाला ऑइल मिळत नाही. फोर्डने नंतरच्या आवृत्तीत कॅमसाठी चेन आणली. स्टेलान्टिसने २०२४ साली प्यूरटेकची हमी दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली.

म्हणजे साठ वर्षांत बदलले ते एवढेच : जेटफायरची टाकी रिकामी झाली की गाडी लगेच सांगे. आजचे इंजिन दुर्लक्ष काही वर्षे निमूट सोसते. पहिला मालक मुदत टाळतो, स्वस्त ऑइल घालतो आणि गाडी विकून मोकळा होतो. बिल येते ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाला. २०१३पासून विकल्या गेलेल्या या गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत आणि त्या घेणारी घरे बहुधा बचतीतून पहिलीच गाडी घेणारी असतात.

त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणारे काम साधे आहे. चकाकणारा रंग आणि मीटरवरचे किलोमीटर यांच्या आधी सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. ऑइल कोणते आणि किती महिन्यांनी बदलले ते तारखांसह पाहावे. बेल्ट आहे की चेन, बेल्ट असेल तर तो ऑइलमध्ये आहे का, हे विचारावे. धुळीचा रस्ता आणि शहरातली कोंडी असेल तर ऑइल व एअर फिल्टर मुदतीआधी बदलावेत. मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थिती'साठी वेगळा तक्ता असतो. आपल्याकडचे पुष्कळसे चालवणे त्या तक्त्यातच बसते.