शहराचे भाडे कोणी भरावयाचे?

शहराचा इतिहास राजवाड्यांवरून लिहिता येतो, तसा तो तिकिटांवरूनही लिहिता येतो. राजवाडा कोणी बांधला हे शिलेवर कोरलेले सापडते. पण रोज सकाळी लाखो माणसे कामावर पोचविण्याचा खर्च कोणी सोसला, हे कोठेच कोरलेले नसते. मुंबईपुरते बोलावयाचे, तर आमच्या मते या शहराच्या इतिहासातला तोच मुख्य प्रश्न आहे. वाहन घोड्याचे असो, विजेचे असो की भुयारातले असो, त्याचे भाडे अखेर कोणाच्या तरी खिशातून जाते. तो खिसा कोणाचा, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळेतले पोरही सांगते. या रेल्वेच्या भागीदारांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. नफा झाला तर कंपनीचा, आणि तूट आली तर ती हिंदुस्थानच्या रयतेच्या करातून भरून द्यावयाची, असा तो व्यवहार होता. दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणणे हा या लोहमार्गामागचा मोठा हेतू. माणसांची रोजची ने-आण हा पुढे वाढलेला व्याप.

९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात सुमारे नऊशे घोडी होती. कुलाबा ते पायधुणी भाडे आरंभी तीन आणे होते, ते पुढे दोन आण्यांवर आले. कारकुनाला ते कसेबसे परवडे. गिरणीतल्या माणसाने रोज जाण्यायेण्याचे चार आणे मोडले असते, तर त्याच्या चुलीवर काय चढले असते? म्हणून तो पायी चालला, आणि पायी चालता यावे म्हणून गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहिला. परळ-लालबागच्या चाळी तेथेच का दाटल्या, याचे एक मोठे कारण हे आहे. ट्रॅमचे भाडे वाचले, पण ते एका खोलीत दहा माणसे राहून फेडावे लागले.

१९०५ साली बेस्ट कंपनी उभी राहिली. १९०७ मध्ये विजेची ट्रॅम आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस धावली. कंपनीला सवलत देतानाच तिचा कारभार विकत घेण्याचा हक्क महापालिकेने राखून ठेवला होता. तो तिने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, बजावला. त्या काळच्या नगरसेवकांची ही दूरदृष्टी मानली पाहिजे. एकाच छपराखाली वीज आणि वाहतूक आली. पुढे बसला तोटा होऊ लागला तेव्हा तो विजेच्या नफ्यातून भरून निघत राहिला. दुकानाची पाटी उजळणारी वीज त्याच दुकानातल्या नोकराला घरी पोचवीत होती. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्रॅम धावली, तरी ही व्यवस्था चालू राहिली.

तिच्यावर घाव पडला तो पुढे. २००३ च्या वीज कायद्याने विजेचा हिशेब वेगळा मांडण्याचा आग्रह धरला, आणि त्यानंतरच्या वर्षांत बसचा तोटा वीजबिलातून वसूल करण्याची वाट बंद झाली. दिवा जाळणाऱ्याने बसचे पैसे का द्यावेत, हा आक्षेप अगदीच गैर नव्हता, हे आम्ही मान्य करतो. पण जुना आधार काढताना नवा द्यावा लागतो. तो दिला गेला नाही. एके काळी चार हजारांवर असलेल्या बसगाड्या २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आल्या, आणि त्यांतही कंत्राटदारांच्या गाड्यांचा भरणा झाला. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवसांचा संप झाला, तो या पार्श्वभूमीवर. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. थोड्या रस्त्यात, थोड्या धुरात सर्वांत जास्त माणसे नेणारे वाहन अशा रीतीने आजारी पडले.

मग शहरात पैसा नव्हता काय? गिरणगावाकडे पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर कामगारांची कुटुंबे कल्याण-विरारकडे पांगली. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करावेत, एक मोकळ्या जागांसाठी, एक घरांसाठी व एक मालकासाठी, अशी १९९१ च्या नियमाची कल्पना होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. लोअर परळला कचेऱ्यांचे मनोरे उठले. हजारो माणसे रोज त्या मनोऱ्यांकडे जाऊ लागली, आणि स्टेशनचा जिना मात्र तोच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. लोक त्या दिवशी पावसाला दोष देत होते. आम्ही जमिनीच्या हिशेबाला देतो.

दुसरी वाट होती, आणि ती येथेच चोखाळली गेली होती. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची जमीन विकसित केली, आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीस गेलेल्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा उचलला. रेल्वेमुळे जमिनीचे मोल वाढते; मग त्या मोलातून रेल्वे बांधावी, इतका साधा हा विचार आहे. पॅरिसने १९७१ पासून मालकांवर कामगारांच्या पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर बसविला आहे. माणसे कारखान्यात वेळेवर आली तर लाभ मालकाचाही होतो, हे तेथे कायद्याने मानले गेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो पुरी झाली. काम मोठे आहे आणि आम्हांस त्याचा आनंद आहे. पण तिचा मोठा खर्च जपानच्या कर्जातून झाला, आणि कर्ज फेडावे लागते. तेव्हा श्रोतेहो, नवी मार्गिका जाहीर झाली की ती कोठून जाणार एवढे विचारून थांबू नका. तिच्या कडेच्या जमिनीचे भाव चढतील तो पैसा कोणाच्या पदरी पडणार, आणि त्यातला किती बसच्या आगारापर्यंत परत येणार, हेही विचारा. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा प्रश्न ज्या ज्या वेळी विचारावयाचा राहिला, त्या त्या वेळी भाडे कामगाराने भरले आहे; कधी खिशातून, कधी झोपेतून, आणि कधी जिवाने.