संकेतस्थळांना भारतीय वाणी

५ मे १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चित्राला पर्यायी मजकूर द्यावा, हा त्यांतील अगदी पहिला नियम. पण तो मजकूर मराठी वा तमिळ असेल, तर दृष्टिहीनाला तो वाचून दाखवणार कोण? त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळांची अक्षरे खास फाँटच्या आड रोमन चिन्हांच्या रूपात साठवलेली असत. डोळ्यांना ‘घर’ दिसे. स्क्रीन रीडरच्या वाट्याला मात्र निरर्थक चिन्हे येत. युनिकोड रुळल्यावर हा घोळ मिटला, आवाजाचा प्रश्न राहिलाच.

तो सोडवण्यात चेन्नईच्या आयआयटी मद्रासचा वाटा मोठा. प्राध्यापिका हेमा मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून मराठी, तमिळ, हिंदी आदी भाषांसाठी लिखित मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणाली घडवल्या आणि त्या एनव्हीडीए व ओर्का या मुक्त स्क्रीन रीडरांना जोडल्या. काम किचकट होते. ‘राम’मधला अंत्य ‘अ’ मराठीत उच्चारला जात नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ एकच लिहिला जातो, पण वेगळा उच्चारला जातो. यंत्राला हे सारे शिकवावे लागते. आणि एवढे शिकलेला आवाजही, पर्यायी मजकुराविना चित्ररूपात चढवलेल्या परिपत्रकापुढे १९९९च्या त्या पहिल्याच नियमापाशी अडतो.