विवेकनिष्ठ मानसोपचार

बोलण्यातून चालणाऱ्या मानसोपचाराची एक पद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (२७ सप्टेंबर १९१३ – २४ जुलै २००७) हे तिचे प्रवर्तक. प्रसंग निमित्तमात्र असतात. अस्वस्थतेचे मूळ त्या प्रसंगांविषयीच्या आपल्या आग्रही समजुतींत असते आणि त्या तपासून बदलता येतात, हे तिचे मुख्य सूत्र. एलिस त्याचे श्रेय स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टीटस याला देत.

इतिहास : एलिस आधी मनोविश्लेषण करत. बालपणीच्या आठवणी उकलल्याने समज वाढते, वागणे मात्र फारसे बदलत नाही, असे आढळल्याने त्यांनी १९५३ च्या सुमारास तो मार्ग सोडला आणि १९५५ पासून स्वतःची पद्धती वापरू लागले. तिच्या नावात १९६१ मध्ये ‘भावना’ आणि १९९३ मध्ये ‘वर्तन’ हे शब्द आले. ‘आरईबीटी’ (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) हे संक्षिप्त रूप तेव्हापासूनचे. १९५९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला संस्था स्थापली.

वयाच्या १९ व्या वर्षी एलिस यांना स्त्रियांशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली, की शेजारी बसायचे आणि बोलायला लागायचे, असा नेम त्यांनी महिनाभर पाळला. सुमारे शंभर जणी बोलल्या. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आली नाही. भीती मात्र गेली. हा प्रसंग येथे मुद्दाम नोंदवला आहे, कारण विचार बदलण्याइतकेच तसे वागून पाहणे या पद्धतीत महत्त्वाचे आहे.

तत्त्व : घटना, समजूत आणि परिणाम या तीन पायऱ्या ‘ए-बी-सी’ म्हणून ओळखल्या जातात, पुढे समजुतीशी वाद आणि नवा दृष्टिकोन. घातक समजुती चार प्रकारच्या : हट्टी मागणी, ‘आता सगळं संपलं’ असे मानणे, ‘मला हे सोसवणार नाही’ अशी खात्री आणि स्वतःवर वा दुसऱ्यावर शिक्का मारणे. पहिली इतरांची जननी होय. मराठीत ती ‘च’ या एका अक्षरात पकडता येते. ‘त्याने माझं ऐकावं’ ही इच्छा झाली. ‘त्याने माझं ऐकायलाच हवं’ हा हुकूम झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटते, हुकूम मोडला तर माणूस पेटतो किंवा खचतो. वाईट वाटणे नाहीसे करणे हा उपचाराचा हेतू नाही. संतापाच्या जागी नाराजी, नैराश्याच्या जागी दुःख आणि अपराधगंडाच्या जागी पश्चात्ताप यावा, एवढेच त्याला साधायचे असते.

सत्र : समजा, साठीच्या एक बाई सांगतात, की परगावी राहणाऱ्या मुलाचा दोन रविवार फोन नाही आणि झोप उडाली आहे. उपचारक विचारतो, “फोन आला नाही, तेव्हा मनात काय आलं, काकू?” थोड्या वेळाने उत्तर येते, “इतकं केलं त्याच्यासाठी, आठवड्याला एक फोन त्याने करायलाच हवा. नाही करत, म्हणजे मी नकोशी झाले.” समजूत सापडली ती इथे. मग एकेक प्रश्न. त्याने फोन करावा ही इच्छा रास्त आहे, पण करायलाच हवा हा नियम कुठला? फोन न येण्याची आणखी कोणती कारणे असू शकतील? आणि तो खरोखर दुरावला असला, तरी तुमची किंमत त्यावर ठरते का? या शेवटच्या प्रश्नाला घाई चालत नाही. इथे अनेकांचे डोळे भरून येतात आणि ते भरू द्यावे लागतात. घरचा अभ्यास म्हणून त्या आठवड्यात स्वतः फोन लावायचा, गाऱ्हाणे न मांडता.

नातेसंबंध : जोडप्यांच्या बाबतीत एलिस असमाधान आणि बिघाड यांत फरक करतात. पैसा, घरकाम, सासर-माहेर यांवरचे मतभेद हे असमाधान. त्यावरून एकमेकांना नालायक ठरवणे हा बिघाड. आधी प्रत्येकाने आपापला संताप हाताळायचा, मग वाटाघाटी. जोडीदाराला नालायक न ठरवता स्वीकारणे म्हणजे सोसणे नव्हे, हे ठासून सांगायला हवे : मारहाण होणाऱ्या घरात पहिले काम सुरक्षिततेचे असते.

महाराष्ट्र : मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धती मराठीत रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि न्यूयॉर्कच्या संस्थेचे ते पहिले भारतीय फेलो व पर्यवेक्षक. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेच्या कामातही तिला मोठे स्थान आहे. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी प्रसिद्ध आहे.

टीका : उपचारकाच्या जिव्हाळ्याला एलिस कमी महत्त्व देतात, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतून घेतला जातो.

मर्यादा : तीव्र मनोविकारांत औषधोपचार आवश्यक, बोलणे त्याच्या जोडीला.