टाकळा आणि ‘गोव्याची पूड’

संगमेश्वरास शास्त्री आणि सोनवी या नद्या मिळतात. आषाढांत तेथें पाऊस कोसळूं लागला कीं थोड्याच दिवसांत रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेंत टाकळ्याचीं रोपें दाट उगवतात. ओलें खोबरें घालून केलेली त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी कोंकणांत घरोघर होते. पुढें शेंगा धरल्या म्हणजे तिकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. याच दिवसांत लावणीच्या चिखलांत राबणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात, आणि ओल्या वस्त्रांनीं वावरणाऱ्यांच्या कमरेला गजकर्ण धरतें.

या दुखण्यावर आपल्या वैद्यांनीं टाकळ्याच्या बियाच सांगितल्या आहेत. संस्कृतांत त्याला ‘चक्रमर्द’ म्हणतात. ‘दद्रुघ्न’ म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, हेंहि त्याचेंच नांव. बिया ताकांत किंवा लिंबाच्या रसांत वाटून त्यांचा लेप लावीत. (भाजी खाल्ल्यानें गजकर्ण जातें, असें मात्र कोणी समजूं नये.) रोग रक्ताच्या बिघाडानें होतो ही समजूत सर्वत्र होती. त्याच्या मुळाशीं सूक्ष्म बुरशी असते, हें पॅरिस येथें डेव्हिड ग्रुबी यांनीं १८४१ ते १८४४ या काळांत दाखविलें.

असें औषध दारांत असतां याच किनाऱ्यावर नांव झालें तें दुसऱ्याच औषधाचें. गोव्यांत गजकर्णावर एक पिवळसर तपकिरी पूड विकली जाई. ती कशाची, हें विकणारे सांगत नसत. तिची कीर्ति मुंबईस पोंचली, आणि तेथील औषधविक्रेते केंप यांनीं १८६४ सालीं तिची माहिती प्रसिद्ध केली. विलायतेंतील डॉक्टर तिला ‘गोवा पावडर’ म्हणूं लागले. अर्थात् ती हिंदुस्थानांतील एखाद्या वनस्पतीची असावी, असाच तर्क झाला.

१८७५ च्या सुमारास ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर सिल्वा लिमा यांनीं हें कोडें उलगडलें. त्यांच्या प्रांतांत ‘आरारोबा’ नांवाचें प्रचंड झाड आहे. त्याच्या खोडांतील भेगांत आणि पोकळींत ही पूड सांपडते. पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यवहारांतून ती गोव्यास आली होती. औषध दक्षिण अमेरिकेचें, प्रसिद्धि मात्र गोव्याची! त्याच वर्षीं अ‍ॅटफील्ड यांनीं पुडींत क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचें सांगितलें. तें आम्ल मुळांत नसून ‘क्रायसारोबिन’ या द्रव्याशीं प्राणवायूचा संयोग झाल्यावर बनतें, असें १८७८ सालीं लीबरमान आणि सीडलर यांनीं सिद्ध केलें. हें द्रव्य मोठें दाहक; कपड्यांवर त्याचे डाग पडत, आणि डोळ्यांस लागलें तर ते सुजत. तरीहि सोरायसिसवर त्याचा गुण येऊं लागला, म्हणून १९१६ सालीं जर्मनींत त्याच्या जागीं कृत्रिम डिथ्रॅनॉल पुढें आलें. तें आजहि वापरांत आहे.

टाकळ्याची पाळी याहून उशिरा आली. त्याच्या बियांतील मुख्य बुरशीनाशक द्रव्य कोणतें, याचें पृथक्करण १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. तें क्रायसोफॅनिक आम्लाचें अँथ्रोन निघालें, म्हणजे क्रायसारोबिनचा जो मुख्य भाग तोच! ज्या द्रव्यासाठीं कोंकणच्या किनाऱ्यावर अटलांटिकपलीकडून पूड येत होती, तें त्याच किनाऱ्यावर दर पावसाळ्यांत उगवत होतें.

एवढ्यावरून आजच्या गजकर्णास लेप पुरे, असें ठरत नाहीं. २०२० सालीं ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असें नांव मिळालेली बुरशी पुष्कळदां टर्बिनाफिनलाहि दाद देत नाहीं. दुकानांतून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनीं खाज थांबते, पण रोग पसरतो. तेव्हां डॉक्टरांना दाखविणेंच इष्ट.

टाकळ्याच्या बियांना अलीकडे परदेशांत मागणी आहे. पण ती त्यांतील डिंकासाठीं. कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यास घट्टपणा आणण्यास तो लागतो. मात्र खाण्यांत वापरावयाच्या डिंकांत क्रायसोफॅनिक आम्लाच्या वर्गांतील द्रव्यें किलोमागें अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक राहतां कामा नयेत असा दंडक आहे, म्हणून तीं कारखान्यांत धुऊन काढून टाकतात.