तीन इंचांची नळी आणि बीडची कंबर

छोट्या रिव्हॉल्व्हरची नळी किती लांबीची असावी? दोन इंच, तीन की चार? शर्टाखाली लपवून बाळगायचं तर कोणती बरी? प्रश्न शस्त्रांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाचा वाटतो. पण तुम्ही इतिहासात संशोधन करायच्या तयारीत असाल तर तो थोडा फिरवून बघा. हे माप ठरवलं कुणी? आणि ‘लपवून बाळगणं’ हे आपल्याकडे खरंच घडतं का? बीड जिल्ह्याकडे बघितलं की या दुसऱ्या प्रश्नापाशी थांबावंच लागतं.

आधी मापाचं बघू. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना काडतुसांची फिरती चक्री धरत नाहीत. चक्रीच्या पुढच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंतच मोजतात. पिस्तुलात मात्र काडतूस बसतं ती जागाही नळीच्या मापात येते. म्हणजे दोन्हीवर ‘तीन इंच’ लिहिलं असलं तरी माप एकच नसतं. पहिला धडा इथेच घ्या: दोन आकडे शेजारी मांडण्याआधी ते कुठून कुठपर्यंत मोजलेत हे विचारा.

लांबीचा परिणाम काय होतो? नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं आणि वेग वाढतो. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांत अंतर वाढतं, म्हणून नेमही सोपा होतो. आखूड नळीत वेग घटतो, तोंडाशी भडका जास्त दिसतो, पण शस्त्र चटकन बाहेर निघतं आणि बसताना टोचत नाही. गंमत म्हणजे कपड्यांवरून फुगवटा दिसतो तो बहुतेक वेळा मुठीचा आणि चक्रीचा. नळी कमरेखाली सरळ बसते. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये दोन इंची नळीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणलं. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं ‘चीफ्स स्पेशल’ आलं. तिथे लांबी निवडणं हा गिऱ्हाइकाचा विषय झाला, कारण बाजारात निवडीला वाव होता.

आपल्याकडे तो वाव कायद्यानेच आखडून ठेवला. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. त्याच्या जागी १९५९ चा कायदा आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. या कायद्यात ‘निषिद्ध बोअर’ ही कल्पना महत्त्वाची आहे. लष्कर आणि पोलिसांच्या वापरातली .३०३, ९ मिमी, .३८ अशी मापं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. शिवाय १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. मग परवानाधारकापुढे मुख्यतः उरलं ते सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर. ते ब्रिटिश वेब्ली घडणीवर बेतलेलं, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं. २०१४ मध्ये कानपूरहून हलक्या टायटॅनियम मिश्रधातूचं ‘निर्भीक’ आलं. ते महिलांसाठी म्हणून गाजवलं गेलं. २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आलं, त्याची नळी ७६ मिमी. म्हणजे पुन्हा तेच तीन इंच! इतक्या वर्षांत बरंच बदललं, पण हे माप टिकलं.

इतर देशांशी तुलना केली की फरक कळतो. कॅनडाने १९९८ पासून १०५ मिमी किंवा त्याहून आखूड नळीच्या हातबंदुका निषिद्ध वर्गात टाकल्या, कारण त्या लपवायला सोप्या. आपल्या कायद्याने हातबंदुकीसाठी मुख्यतः बोअर मोजला. नळीची लांबी १९५९ च्या कायद्यात ठळकपणे येते ती कलम ६ मध्ये: परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापून आखूड करता येत नाही. कायदा कशाला घाबरतो, हे तो काय मोजतो त्यावरून कळतं.

आता बीड. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. तो खून बंदुकीने झाला नव्हता, हे लक्षात ठेवा. तरीही त्यानंतर जिल्ह्यातल्या बंदुकांची चर्चा पेटली. बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं, हवेत गोळीबार करणारे आणि कमरेचं पिस्तूल दाखवणारे व्हिडिओ फिरू लागले. जिल्हा प्रशासनाने परवान्यांची छाननी करून अनेक परवाने रद्द केले.

इथे आपला मूळ प्रश्न उलटतो. २०१६ च्या शस्त्र नियमांतला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली असली पाहिजे. शस्त्र मिरवणं सरळ मना आहे, त्यासाठी परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. म्हणजे परवान्याचं शस्त्र झाकून ठेवणं हे कर्तव्य आहे. त्या व्हिडिओंत मात्र ते दिसण्यासाठीच कमरेला होतं. तिकडे गावठी कट्टा बेकायदा, म्हणून तो लपतो. ज्याच्यासाठी शस्त्र दिसणं हाच उपयोग, त्याला आखूड नळीचे फायदे सांगून काय होणार?

म्हणून मला वाटतं, बीडच्या बंदुकीचा इतिहास लिहायचा तर तो स्वसंरक्षणाच्या साधनाचा म्हणून सुरू करू नये. परवाना ही प्रतिष्ठेची वस्तू कधी आणि कशी झाली, इथून सुरुवात करावी. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ते तपासायला कागद लागतील. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल मागवतात, अर्जात कारण लिहावं लागतं. माहिती अधिकारात व्यक्तींची नावं मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मागूही नयेत. वर्षवार संख्या मागा, तालुकावार मागा, हातबंदूक आणि लांब बंदूक वेगळी मागा, अर्जातल्या कारणांचे ढोबळ प्रकार मागा. शेतीच्या राखणीसाठीची बारा बोअर आणि कमरेचं .३२ यांची बेरीज एकाच आकड्यात झाली असेल, तर त्या आकड्यावरून ‘बीडमध्ये दहशत किती’ हे ठरवता येणार नाही.

आणखी एक सावधगिरी. ‘बीड म्हणजे बंदुका’ हे समीकरण बातम्यांनी बनवलंय. ऊसतोडीला दरवर्षी घर सोडून जाणारी हजारो कुटुंबं याच जिल्ह्यातली, त्यांच्या कमरेला असतो तो कोयता, आणि तोही कामाचा. तुमच्या प्रबंधात जिल्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत असेल, तर थांबा आणि प्रश्न पुन्हा लिहा. शस्त्र कुणाला मिळालं, कुणाच्या शिफारशीने मिळालं, कुणाचा अर्ज पडून राहिला? यांची उत्तरं हाती आली की मग त्या तीन इंचांकडे परत या. तेव्हा ते माप तुम्हाला बरंच काही सांगेल.